कोंडिबाची जाळी

शिरूरला नगर रस्त्यावर, एसटी डेपोच्या थोडं पुढं, कोंडिबा गायकवाडचं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे काय, चार लाकडी खांब, वर पत्रे आणि मागं एक कुलपाची खोली. पाटी नव्हती आणि तिची कधी गरजही पडली नाही. पंचक्रोशीत कुणाची गाडी खोकायला लागली की लोक म्हणायचे, कोंडिबाकडं ने. तो लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवायचा, मूठ कानाला लावायचा आणि डोळे मिटायचा. मग सांगायचा, तिसऱ्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह. उघडून बघावं तर तिसऱ्याचाच व्हॉल्व्ह निघायचा. डॉक्टरांना एवढं जमलं असतं तर तालुक्यातली निम्मी माणसं अजून जिवंत असती.

ही विद्या त्यानं खडकीच्या लष्करी वर्कशॉपमध्ये बारा वर्षं घासून मिळवली होती. छप्पन साली वस्तीबरोबर त्यानंही धम्म स्वीकारला आणि चार वर्षांनी गावी येऊन हे पत्रे उभे केले. सुरुवातीला गिऱ्हाईक यायचं ते दुसरीकडं सगळं करून थकल्यावर. गाडी लावायची आणि लांब उभं राहून बघायचं, ह्याला जमतंय का. कोंडिबाला जमायचं. दरवेळी जमायचं, कारण न जमून चालणार नव्हतं. दुसऱ्या मिस्त्रीची चूक झाली तर लोक म्हणत, बिचाऱ्याचं चुकलं. कोंडिबाची झाली असती तर ती चूक सगळ्या वस्तीच्या नावावर पडली असती. पंधरा वर्षं त्यानं तशी पाळी येऊ दिली नाही, आणि हळूहळू त्याला स्वतःलाच वाटायला लागलं की आपण चुकतच नाही. इथंच माणसाचं घोडं पेंड खातं.

चौऱ्याहत्तर साल उजाडलं आणि पेट्रोलचे भाव असे भडकले की गाडीवाले गाडीकडं आजारी सासूकडं बघावं तसं बघायला लागले. जो येईल त्याचं एकच, मिस्त्री, अॅव्हरेज वाढवून द्या. त्यातलेच एक हरिबा आप्पा. त्यांची एक जीप होती. ती शिरूरहून न्हावऱ्यामार्गे केडगाव स्टेशनला माणसं न्यायची आणि आणायची. जीप चालवायचा शमुवेल. तो केडगावचा, मिशनच्या शाळेत शिकलेला, दर रविवारी ख्रिस्ती देवळात जाणारा आणि गाडीला बैलासारखं जपणारा माणूस. क्लिनर म्हणून त्याचा धाकटा भाऊ पीटर असायचा. तिशीचा गडी, एकटा जीव, थोरल्याच्या घरी राहायचा आणि रात्री राखणीला केडगावात जीपमध्येच झोपायचा. शमुवेल आणि कोंडिबाचं मैत्र जुनं होतं. एकानं जय भीम म्हणायचं, दुसऱ्यानं सलाम म्हणायचा आणि एका कपातला चहा दोघांनी बशीत ओतून प्यायचा.

त्या जीपला कंपनीनं दिलेला हवेचा फिल्टर म्हणजे एक जड लोखंडी डबा होता. त्याच्या तळात ऑइल असायचं. आत जाणारी हवा त्या ऑइलवरून जायची, धूळ ऑइलला चिकटून बसायची आणि इंजिनाला निवळलेली हवा मिळायची. फिल्टर चांगला, पण न्हावऱ्याचा रस्ता वाईट. दुष्काळी कामावर मुरूम टाकून केलेला, डांबराचं तोंड न पाहिलेला. चार दिवसांत डब्यातल्या ऑइलचा चिखल व्हायचा. तो धुवायचा, नवं ऑइल भरायचं, ही कटकट शमुवेललाही नको असायची आणि कोंडिबालाही.

एकदा सुटे भाग आणायला कोंडिबा पुण्यात नाना पेठेत गेला. तिथं एका दुकानात चकचकीत फिल्टर टांगला होता. ऑइल नाही, डबा नाही, नुसती गोल जाळी. दुकानदार म्हणाला, हवा मोकळी मिळाली की इंजिन मोकळं पळतं, पेट्रोल कमी खातं. किंमत ऐकून कोंडिबानं तो परत खिळ्याला लावला, पण हात लावून सगळं बघून घेतलं होतं. शिरूरला येऊन त्यानं चाळणीवाल्याकडून पितळी जाळी घेतली, तिचे तीन पदर केले, पत्र्याच्या कड्यात डाख लावून बसवले. दिसायला नाना पेठेतल्यापेक्षा देखणा झाला.

मग परीक्षा. दवाखान्यातली सलाईनची रिकामी काचेची बाटली जीपमध्ये उंच टांगली, तिच्यात बरोबर अर्धा लिटर पेट्रोल, तिथून नळी थेट कार्बोरेटरला. जकात नाक्यापासून पुण्याच्या बाजूला डांबरी रस्त्यानं निघायचं आणि गाडी जिथं बंद पडेल तिथला दगड वाचायचा. जुन्या फिल्टरवर गाडी चार किलोमीटरला थांबली. मग कोंडिबानं जीप तीन दिवस गॅरेजला ठेवली. तिला तशाही नव्या रिंगा टाकायच्या होत्या, त्या टाकल्या. प्लग बदलले. कार्बोरेटर खोलून धुतला. शेवटी जाळी बसवली आणि पुन्हा बाटली टांगली. शमुवेल अंडं घेऊन चालावं तशा पायानं गाडी चालवत होता. चौथा दगड गेला. पाचव्या दगडापाशी गाडी थांबली आणि दोघं रस्त्यात उभे राहून लहान पोरांसारखे हसले.

आता कुणीही विचारील की रिंगा, प्लग, कार्बोरेटर आणि जाळी, चौघांनी मिळून ओढलेल्या गाड्याचं श्रेय एकट्या जाळीला कसं. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर कोंडिबानंच त्याला अकलेचा कांदा म्हटलं असतं. पण जाळी त्याच्या हातची होती. हाताच्या कांकणाला आरसा कशाला, असं तो भेटेल त्याला सांगत सुटला. जीपगाड्यांच्या अड्ड्यावर बातमी गेली, अड्ड्यावरून बाजारात गेली. वर्षभरात सतरा गाड्यांना कोंडिबाची जाळी बसली. लोक तिला त्याच्याच नावानं ओळखायचे आणि ते ऐकताना कोंडिबाची मान जरा ताठ व्हायची. त्याची बायको विठाबाई एकदा म्हणाली, "एवढ्या पातळ जाळीतनं धुरळा जात न्हाई व्हय? माझ्या चाळणीतनं तर पीठ जातंय." कोंडिबा म्हणाला, "तू भाकरी बघ." बायकोचं ऐकलं असतं तर ही गोष्ट इथंच संपली असती.

पुढच्या उन्हाळ्यात एक दिवस शमुवेल कपाळाला आठ्या घालून आला. म्हणाला, "कोंडिबा, गाडी ऑइल खाती. आठवड्याला डबा ओतावा लागतोय. आन् पेट्रोलबी आधीवानीच खातीय, उलट जास्तीच. आप्पा माझ्याकडं वंगाळ नजरंनं बघत्यात."

कोंडिबानं स्क्रू ड्रायव्हर लावला, कान लावला. डोळे मिटायची गरज पडली नाही. नव्या रिंगांचं इंजिन म्हाताऱ्या माणसासारखं घरघरत होतं. त्यानं जाळी काढली आणि मागच्या नळीत बोट फिरवलं. बोट बाहेर आलं ते लाल मुरमाच्या बारीक रव्यानं माखून. वर्षभर न्हावऱ्याचा रस्ता त्या जाळीतून गाळून इंजिनात गेला होता आणि आत कानशीसारखा फिरला होता. शमुवेल पलीकडं चहा सांगायला गेला होता. कोंडिबानं बोट विजारीला पुसलं, जाळी परत लावली आणि म्हणाला, "बघतो दोन दिसांनी. आज हात रिकामा न्हाई."

दोन दिवस त्याला मिळाले नाहीत. दुसऱ्याच दिवशी सकाळी हरिबा आप्पांनी त्याला अड्ड्यावर बोलावलं. चिंचेखाली पंधरावीस माणसं होती. शमुवेल मध्ये उभा होता, पीटर जीपला टेकून. आप्पा म्हणाले, "कोंडिबा, तू जाणता मानूस हाईस. तुझ्या शब्दावर माझा भरवसा. ह्यो म्हनतो इंजिनच ऑइल पितंय. मी म्हनतो बाहेर इकलं जातंय. तू सांग. एवढं ऑइल पिईल का रं हे इंजिन?"

कोंडिबाच्या जिभेवर खरं उत्तर आलं होतं. पण समोर खंडू मिस्त्री उभा होता, पलीकडच्या गॅरेजचा, जो पंधरा वर्षं ह्याच दिवसाची वाट बघत होता. जाळी बसवलेल्या चार गाड्यांचे मालक तिथंच विडी ओढत होते. कोंडिबा म्हणाला, "आप्पा, रिंगा टाकल्याला लई दिस झालं न्हाईत. मीच टाकल्यात."

ह्यात खोटं एक अक्षर नव्हतं. रिंगा त्यानंच टाकल्या होत्या आणि लई दिवस झाले नव्हते. पण खऱ्या शब्दांनी इतकं खोटं काम त्या अड्ड्यावर कधी केलं नसेल. आप्पांनी हात पुढं केला आणि शमुवेलनं किल्ली त्यांच्या तळहातावर ठेवली. जाताना तो कोंडिबाकडं बघून गेला. त्या नजरेत राग असता तर कोंडिबाला बरं वाटलं असतं. राग नव्हता. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते कोंडिबानं आजवर नुसतं ऐकलं होतं.

त्या दिवसापासून त्याचं अन्न गोड लागेना. पण कबूल करायचं सोडून तो बाकी सगळं करत सुटला. "उन्हाळी सर्व्हिसिंग फुकट" असं सांगून त्यानं एकेक करून सतरा गाड्या बोलावल्या आणि सगळ्यांना जुने ऑइलचे डबे परत बसवले. लोक म्हणाले, मोठ्या मनाचा माणूस. हरिबा आप्पांची जीप तर त्यानं पाच दिवस ठेवून घेतली. इंजिन पूर्ण उघडलं, स्वतःच्या पदरचे पिस्टन, रिंगा घातल्या आणि एका शब्दानं कुणाला सांगितलं नाही. त्याला वाटलं, निदान गाडीचं पाप तरी फिटलं.

आणि झालं असं की जीप ऑइल प्यायची थांबली. आता गाडीवर निमोण्याचा म्हाळू होता. महिना गेला, दोन महिने गेले, वरून ऑइल ओतावं लागलं नाही. हरिबा आप्पा अड्ड्यावर मांडीवर थाप मारून म्हणाले, "बघा. डायवर बदलला आन् इंजिन बरं झालं." ज्यांना थोडी शंका होती त्यांचीही फिटली. शमुवेल चोर होता हे आता गाडीच सांगत होती, आणि गाडीला ते बोलायला लावलं होतं कोंडिबाच्या दुरुस्तीनं. आप्पांचं ते बोलणं ऐकत तो तिथंच उभा होता. हसून मान हलवली त्यानं. घरी येऊन मात्र भाकरीचा तुकडा हातात धरून बसला तो बसलाच.

एक गोष्ट त्याला अजून जाणून घ्यायची होती. एका दुपारी त्यानं चाचणीच्या निमित्तानं जीप मागून घेतली, सलाईनची बाटली टांगली आणि एकटाच जकात नाक्यावर गेला. ह्या वेळी इंजिन तेच, कार्बोरेटर तोच, फक्त फिल्टर बदलायचा. आधी ऑइलचा डबा स्वच्छ धुऊन लावला. गाडी पाचव्या दगडापाशी थांबली. मग डबा काढून जाळी लावली. गाडी पाचव्या दगडापाशीच थांबली. हातभराचाही फरक नाही. जाळीनं कधी काही दिलंच नव्हतं. जे वाढलं होतं ते रिंगांनी, प्लगांनी, धुतलेल्या कार्बोरेटरनं आणि शमुवेलच्या जपून ठेवलेल्या पायानं. कोंडिबा दगडाशेजारी गवतात बसला आणि रडला. जवळून एक एसटी गेली, तेवढ्यापुरतं त्यानं तोंड फिरवलं.

तरीही शमुवेलला भेटायला दौंडला जायला त्याला आणखी सहा महिने लागले. विठाबाईला त्यानं सगळं सांगितलं होतं आणि ती रोज एकदा विचारायची, "कवा जाणार?" शेवटी एका रविवारी तिनं त्याच्या हातात पिशवी दिली, पिशवीत शेंगा घातल्या, त्याला उंबऱ्याबाहेर काढलं आणि दाराला कडी लावली. ती बाहेरून नव्हे, आतून.

शमुवेल आता दौंडला रेल्वेच्या लायनीपलीकडं एका खोलीत राहत होता. ठेकेदाराकडं कामाला होता, वाफेच्या इंजिनांची राख उपसायला. दार त्याच्या बायकोनं, मरियमनं उघडलं. तिचा चेहरा उजळला. "या भावजी. ह्यांना भेटाय कुणीसुदीक येत न्हाई." शमुवेल देवळातून येऊन पांढऱ्या सदऱ्यातच बसला होता. नखात राख तशीच होती. सलाम झाला, जय भीम झाला. चहा आला.

कोंडिबा सुरुवात कशी करावी ह्या विचारात होता, तोवर शमुवेलच बोलायला लागला. "कोंडिबा, मी लई इचार केला बघ. आदी वाटलं, इंजिनच पीत आसंल. पर तू म्हनलास रिंगा नव्या हाईत. आन् तुझा शब्द म्हंजी काय, मी पंधरा वरसं बघतोय. मग म्हनलं, ऑइल गेलं कुठं? मी तर घेतलं न्हाई. गाडीपाशी दुसरा कोन? पीटर. रात्री तिथंच निजायचा. खालनं नट ढिला केला की झालं. लई इचारलं त्येला. रडला, शपता घेतल्या. मी न्हाई ऐकलं. घराभाईर काढला."

कोंडिबानं बशी खाली ठेवली. आतापर्यंत त्याला वाटत होतं की आपण एका माणसाचं वाटोळं केलं. "कुठं हाय आता त्यो?" त्यानं विचारलं.

"पाटसला वीटभट्टीवर. सात-आठ म्हैनं झालं, बोलनं न्हाई."

मग कोंडिबानं सांगितलं. फार घोळवलं नाही. "शमुवेल, ऑइल इंजिनानंच पिलं. माझ्या जाळीतनं धूळ आत गेली, रिंगा खाल्ल्या. गाडी मागनं मी गुपचूप दुरुस्त केली, म्हनून थांबलं. पीटरनं काय केलं न्हाई. तूबी न्हाई."

मरियम दारात उभी होती ती खाली बसली. शमुवेलनं बशी बाजूला सारली. मग म्हणाला, "तुला कळलं कवा?"

"आप्पानं इचारलं त्याच्या आदल्या दिशी."

"म्हंजी इचारायच्या आदी."

"व्हय."

शमुवेलनं शिवी दिली नाही, हात उगारला नाही. कोंडिबा दोन्हीसाठी तयार होऊन आला होता. शमुवेल एवढंच म्हणाला, "हितं सांगून काय उपेग. जिथं बोललास तिथं जाऊन बोल. मग ये, दोगं मिळून पाटसला जाऊ."

पुढच्या बाजारच्या दिवशी, अड्ड्यावर भरपूर माणूस असताना, कोंडिबा चिंचेखाली उभा राहिला आणि बोलला. जाळी, मुरूम, रिंगा, गुपचूप केलेली दुरुस्ती, सगळं. हरिबा आप्पा ऐकून घेऊन म्हणाले, "तवा का न्हाई बोललास रं? मानूस गेला की तुझ्या बोलण्यावर." खंडू मिस्त्री हसला आणि शेजारच्याला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाला, "मी म्हनतच हुतो, त्या वस्तीतल्या मानसाकडनं आनखी काय व्हनार." पंधरा वर्षं कोंडिबा ज्या वाक्याला भीत होता ते हेच. ऐकलं त्यानं. राग आला, लाज वाटली, पण आभाळ काही कोसळलं नाही. एवढ्याशा वाक्यासाठी आपण दोन भाऊ तोडले, हे मात्र त्याच्या छातीत रुतून बसलं. गिऱ्हाईक निम्मं झालं ते वेगळंच, आणि त्याबद्दल त्यानं कधी तक्रार केली नाही. आप्पांनी शमुवेलला परत कामावर बोलावलं. शमुवेलनं निरोप धाडला, आधी पाटसला जाऊन येतो.

पाटसच्या भट्टीवर पीटर पाठीवर विटा घेऊन चालला होता. वाळला होता. थोरल्या भावाला बघून थांबला, पण विटा खाली ठेवल्या नाहीत. कोंडिबा पुढं झाला आणि तिसऱ्यांदा तेच सगळं सांगितलं. तिसऱ्यांदा सांगताना ते सोपं जाईल असं त्याला वाटलं होतं. गेलं नाही. पीटरनं शेवटपर्यंत ऐकलं. मग एकेक करून विटा उतरवल्या, नीट रचल्या आणि शमुवेलकडं वळला.

"दादा, मिस्त्रीनं सांगितलं म्हनून तू आलास. त्यानं सांगितलंच नसतं तर?"

कोंडिबाला राहवलं नाही. तो मध्ये पडून म्हणाला, "पीटर, त्याची चूक न्हाई. माझ्या शब्दावर त्यानं भरवसा टाकला. चूक माझी हाय."

पीटरनं त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. "तुमचं बोलून झालं, मिस्त्री," तो म्हणाला. "माझ्या शब्दावर का न्हाई टाकला, ते ह्येला सांगू द्या."